लिम्फोसाइट कमी आल्या, म्हणजे नेमकं काय?

आजच्या भागात आपण रक्ताच्या रिपोर्टमधल्या एका आकड्याबद्दल बोलणार आहोत. हिमोग्राम म्हणा, सीबीसी म्हणा, ही तपासणी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असते. इंदूरला करा, हैदराबादला करा नाहीतर बेळगावला, कागद जवळपास सारखाच येतो. तो हातात आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. डेंग्यूचे दिवस असतील तर प्लेटलेटवर. मधे पांढऱ्या पेशींचा एक छोटा तक्ता असतो आणि त्यात ‘लिम्फोसाइट’ अशी एक ओळ असते. करोनाच्या आधी या ओळीकडे घरात कोणी फारसं बघत नव्हतं. करोनानंतर मात्र लोक दोन टोकांना गेले. काही जण अजूनही तिच्याकडे बघत नाहीत, आणि काहींना शेजारी ‘लो’ असा शेरा दिसला की रात्रभर झोप लागत नाही. “डॉक्टर, याची इम्युनिटी संपली का?” असा फोन सकाळी येतो.

या दोन्ही टोकांच्या मधे जे खरं आहे, ते आज समजून घेऊ. एका वाक्यात आधीच सांगून ठेवतो. कमी झालेल्या लिम्फोसाइट आजाराचं नाव सांगत नाहीत, त्या आजाराचा जोर सांगतात. आणि तोही एकदाच बघून कळत नाही, पुन्हा बघावं लागतं.

या पेशी करतात काय?

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचा बंदोबस्त. त्यात संख्येने सगळ्यात जास्त असतात न्यूट्रोफिल. जंतू शिरला की धावत जाणाऱ्या, गिळून टाकणाऱ्या. त्यांच्यानंतर नंबर लागतो लिम्फोसाइटचा. त्यांचे मुख्य तीन प्रकार आहेत. बी पेशी प्रतिपिंडं तयार करण्याचं काम करतात. टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारतात आणि बाकीच्यांना हुकूमही देतात. तिसऱ्या एनके पेशी, ज्या फार ओळख-पाळख न काढता संशयित पेशींवर तुटून पडतात. रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये टी पेशींचा वाटा सगळ्यात मोठा असतो. गोवर झालेल्या किंवा लस घेतलेल्या माणसाला पुन्हा गोवर सहसा होत नाही, कारण या पेशींना तो जंतू आठवत असतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी फक्त सुमारे २ टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या प्लीहेत, लसिका ग्रंथींत, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत असतात. म्हणजे आपण हातातून रक्त काढून मोजतो तेव्हा रस्त्यावरची माणसं मोजत असतो, घरात बसलेली नाही. रस्ता ओस दिसला म्हणजे गाव रिकामं झालं असं लगेच म्हणता येत नाही.

टक्के बघायचे की आकडा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. रिपोर्टवर लिम्फोसाइटचे टक्के लिहिलेले असतात, साधारण २० ते ४० नॉर्मल. पण टक्के फसवतात. खरा बघायचा तो ‘अ‍ॅब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंट’. तो रिपोर्टवर नसेल तर घरच्या घरी काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्याने गुणायचं आणि शंभराने भागायचं.

तीन उदाहरणं घेऊ. पहिल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी १२,००० आणि लिम्फोसाइट १० टक्के. टक्क्यासमोर ‘लो’ असा शेरा येईल. पण आकडा निघतो १,२००, म्हणजे ठीक. त्याच्या न्यूट्रोफिल वाढल्यात, म्हणून लिम्फोसाइटचा वाटा लहान दिसतो एवढंच. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी २,००० आणि लिम्फोसाइट ४० टक्के. टक्का अगदी नॉर्मल, कुठेही शेरा नाही. पण आकडा ८००, म्हणजे कमी. तिसऱ्याच्या पांढऱ्या पेशी १४,००० आणि लिम्फोसाइट ४ टक्के. आकडा ५६०. इथे मात्र डॉक्टर खुर्चीत सरसावून बसतात.

प्रौढ माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण १,००० ते ४,००० लिम्फोसाइट असतात. प्रयोगशाळेनुसार खालची रेघ १,००० असते किंवा १,५००. ५०० च्या खाली गेल्या तर ती घट गंभीर मानतात. काही रिपोर्टवर १,२०० च्या जागी १.२ असं छापतात. ते हजारात असतं, दचकू नका. आणि लहान मुलांना हे आकडे लावू नका. बाळांच्या रक्तात लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, अगदी न्यूट्रोफिलपेक्षाही जास्त. मोठ्या माणसाचा नॉर्मल आकडा एखाद्या वर्षाच्या बाळात कमी ठरू शकतो.

आजारात त्या कमी का होतात?

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे त्या रक्तातून निघून जातात. अंगावर मोठा ताण आला, मग तो जंतुसंसर्ग असो, ऑपरेशन असो, हार्ट अटॅक असो, की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडतात. त्याच्या हुकमाने लिम्फोसाइट रक्त सोडून अस्थिमज्जेत आणि इतर ठिकाणी जाऊन बसतात. या ग्रंथींच्या संप्रेरकांनी लिम्फोसाइट घटतात हे डॉगर्टी आणि व्हाइट या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकातच दाखवलं होतं. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं तरी हेच होतं, तेही काही तासांत. ताणामुळे किंवा एकदाच दिलेल्या औषधामुळे गेलेल्या पेशी ताण ओसरला की परत येतात.

दुसरी वाट म्हणजे त्या मरतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी व्हायला लागतात तेव्हा, लिम्फोसाइट मोठ्या संख्येने स्वतःला संपवतात. ही घट लवकर भरून निघत नाही. एचआयव्हीमध्ये विषाणू टी पेशींच्या एका गटावर, सीडी४ पेशींवर, थेट घाला घालतो. गोवराचा विषाणूही लिम्फोसाइटमध्येच शिरतो, आणि ज्यांना जुने जंतू आठवतात त्या पेशी मारतो. म्हणून गोवर बरा झाल्यानंतरही मूल कितीतरी दिवस दुसऱ्या आजारांना सहज बळी पडतं.

तिसरी वाट, तयारच कमी होतात. कुपोषण, झिंकची कमतरता, दीर्घकाळ दारू, कॅन्सरची औषधं, काही संधिवाताची औषधं, आणि वय. म्हातारपणी थायमस ग्रंथी आक्रसलेली असते, त्यामुळे नव्या टी पेशींची भरती कमी होते.

म्हणजे एकच आकडा, पण मागे कारणं किती वेगळी! म्हणूनच मी म्हटलं, हा आकडा आजाराचं नाव सांगत नाही.

मग जोर सांगतो, हे कशावरून?

सगळ्यात स्वच्छ उदाहरण आजाराचं नाहीच, अपघाताचं आहे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. अग्निशमन दलाच्या आणि भट्टीवरच्या कामगारांना मॉस्कोच्या रुग्णालयात नेलं. कोणाच्या अंगावर किरणोत्साराची किती मात्रा पडली हे सांगणारं मीटर बहुतेकांजवळ नव्हतं. डॉक्टर दर दिवशी लिम्फोसाइट मोजत होते. या पेशी किरणांना फार नाजूक. मात्रा जितकी मोठी, तितकी त्यांची घसरण लवकर आणि खोल. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या घसरणीवरून कोणाला किती मार बसला याचा अंदाज बांधता येत होता. १३४ जणांना तीव्र किरणोत्सार आजार झाल्याचं निश्चित झालं आणि त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत दगावले.

मग संसर्गाकडे या. २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली तेव्हा दाखल झालेल्या जवळपास सगळ्याच रुग्णांत लिम्फोसाइट पडलेल्या दिसल्या. २०२० च्या सुरुवातीला वुहानमधून करोनाचे पहिले अभ्यास आले. त्यातला एक १९१ प्रौढ रुग्णांचा आहे. १३७ घरी गेले, ५४ दगावले. दाखल होतानाचा मधला आकडा घरी गेलेल्यांत १,१०० होता आणि दगावलेल्यांत ६००. आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जे वाचले त्यांच्या लिम्फोसाइट आजाराच्या सातव्या दिवसाच्या आसपास तळाला गेल्या आणि मग चढू लागल्या. जे वाचले नाहीत त्यांच्या शेवटपर्यंत चढल्याच नाहीत.

सेप्सिसमध्येही हेच चित्र आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ३३५ रुग्णांचा अभ्यास छापला. निदानाच्या दिवशी बहुतेकांच्या लिम्फोसाइट कमीच होत्या. फरक दिसला चौथ्या दिवशी. त्या दिवशीही ज्यांचा आकडा खूप खाली राहिला त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे चटकन कळेल. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पावसाळ्यात माणूस शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारतो. पाणी किती फुटांवर आहे, आणि चढतंय की उतरतंय? ४२ फुटांवर उतरणारं पाणी आणि ४२ फुटांवर चढणारं पाणी या दोन वेगळ्या रात्री आहेत. लिम्फोसाइटचंही तसंच. आजचा ७०० कालच्या ४५० वरून आला असेल तर मी रुग्णाच्या घरच्यांना धीर देईन. १,३०० वरून आला असेल तर पलंगाजवळ जास्त वेळ थांबेन.

एकटी साक्ष पुरत नाही

वुहानच्या त्याच १९१ रुग्णांच्या अभ्यासात पुढे काय झालं तेही सांगायला हवं. संशोधकांनी वय, अवयवांची स्थिती, डी-डायमर, लिम्फोसाइट हे सगळे घटक एकत्र तोलले, तेव्हा वय, अवयवांच्या बिघाडाचा गुणांक आणि वाढलेलं डी-डायमर हे ठळक उरले. लिम्फोसाइटचा आकडा स्वतंत्रपणे तितका टिकला नाही. याचा अर्थ तो निरुपयोगी आहे असा नाही. जो माणूस आतून खचत असतो, त्याच्यात हे सगळे आकडे एकत्रच बिघडत असतात. पण नुसत्या लिम्फोसाइटवरून कोणी भविष्य सांगू लागलं तर ऐकू नका.

डॉक्टर कधी कधी न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागतात. ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेक यांनी २००१ मध्ये ताण मोजायला हे गुणोत्तर सुचवलं. न्यूट्रोफिल ४५ आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर दीड. न्यूट्रोफिल ८८ आणि लिम्फोसाइट ८ असतील तर ११. ताणात एक वर जाते, दुसरी खाली येते, म्हणून भागाकार मोठा होतो. अतिदक्षता विभागात ते उपयोगी आहे. पण स्टिरॉइड घेणाऱ्या माणसात तोच भागाकार औषधामुळेही मोठा दिसतो.

डेंग्यूतही सावध राहा. तापाच्या सुरुवातीला पांढऱ्या पेशी एकूणच कमी होतात आणि ताप उतरायच्या सुमाराला लिम्फोसाइटचा टक्का उलट वाढलेला दिसतो. डेंग्यूचा धोका ओळखायला हिमॅटोक्रिट, प्लेटलेट, पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या आणि रुग्णाची नाडी बघायची असते. तिथे लिम्फोसाइटवर विसंबून बसायचं नाही.

आकडा वाढवला की माणूस वाचतो का?

आता मुद्द्याचा प्रश्न. लिम्फोसाइट कमी म्हणजे धोका, मग त्या वाढवल्या की धोका गेला? बाजारात याच समजुतीवर किती काढे, गोळ्या आणि पावडरी विकल्या जातात ते तुम्ही पाहिलं आहे. याचं उत्तर दोन अभ्यासांनी दोन बाजूंनी दिलं आहे.

पहिला ब्रिटनमधला रिकव्हरी हा मोठा अभ्यास, जून २०२० चा. करोनाच्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिलं. हे स्टिरॉइड आहे, म्हणजे लिम्फोसाइट कमी करणारं औषध! तरी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि ऑक्सिजनवरच्यांत सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. शरीराचा भडकलेला दाह आवरला म्हणून माणसं वाचली. आकड्याचं काय झालं हा तिथे प्रश्नच नव्हता.

दुसरा २०१८ मध्ये आलेला, सेप्सिसच्या रुग्णांचा लहान अभ्यास. त्यांना इंटरल्यूकिन-७ दिलं, जे लिम्फोसाइट वाढवतं. आकडा तीन ते चार पट वाढला. पण त्यामुळे जास्त माणसं वाचतात हे काही त्यातून सिद्ध झालं नाही.

पुलावरची रेघ पुसून पूर ओसरत नाही. उपचार आजाराचा करायचा. संसर्गावर योग्य प्रतिजैविक वेळेत, लागला तर ऑक्सिजन, सलाईन, क्षयरोग असेल तर त्याची पूर्ण औषधं, कुपोषण असेल तर नीट आहार. आजार मागे हटला की पेशी आपण होऊन परततात.

एचआयव्हीचं उदाहरण याच्याशी सुसंगतच आहे. २००० नंतरच्या काळात जिथे सीडी४ मोजायची सोय नव्हती तिथे लक्षणं असलेल्या रुग्णात एकूण लिम्फोसाइट १,२०० च्या खाली असतील तर औषध सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं होतं. साध्या हिमोग्रामवरून औषधाचा निर्णय! भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. ते औषध विषाणूला दाबतं आणि मग सीडी४ चढतात. म्हणजे इथेही खूण बघून उपचार केला तो विषाणूचाच.

मग रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं?

घरात कोणी आजारी आहे आणि आकडा कमी आला आहे, तर आधी माणसाकडे बघा. श्वास जोरात चालतोय का? लघवी कमी झाली आहे का? बोलण्यात विसंगती, गुंगी, हातपाय गार, ऑक्सिजन खाली? यातलं काहीही असेल तर पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका, रुग्णालय गाठा. विशेषतः वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह असेल, किंवा केमोथेरपी चालू असेल तर. आणि आकडा अगदी उत्तम आहे पण माणूस खचलेला दिसतोय, तर माणसावर विश्वास ठेवा, कागदावर नको.

दुसरं, डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी सांगा. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी घेतलेल्या गोळ्या, कुणा ओळखीच्याने दिलेल्या पुड्या, सगळं. त्यात स्टिरॉइड असेल तर आकड्याचा अर्थ बदलतो. पण “लिम्फोसाइट कमी करतात” हे आज ऐकलं म्हणून चालू असलेलं स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका. तसं अचानक थांबवणं जीवावर बेतू शकतं.

तिसरं, जुने रिपोर्ट फेकू नका. एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. बदली होऊन बडोद्याहून भोपाळला गेलात, मुलगा बंगळुरूला आणि आई-वडील सोलापूरला, अशी आपली घरं आता पसरलेली आहेत. नव्या डॉक्टरला आजचा एकच आकडा दिसतो. तुमच्या पिशवीत मागच्या पाच वर्षांचे आकडे असतात, आणि काही माणसांचा आकडा बरं असतानाही थोडा खालीच असतो.

चौथं, तब्येत ठणठणीत आहे आणि सहज केलेल्या तपासणीत ९०० आल्या. घाबरायचं कारण नाही. मागच्या आठवड्यातलं साधं सर्दी-पडसंसुद्धा पुरतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. तेव्हाही कमी असतील तर कारण शोधायला हवं. एचआयव्हीची तपासणी, औषधं, आहार, दारू, थायरॉइड, मूत्रपिंड, संधिवाताच्या जातीचे आजार, हे सगळं डॉक्टर बघतील. एचआयव्हीची तपासणी सांगितली म्हणून अपमान वाटून घेऊ नका, ती अशा वेळी सगळ्यांचीच करायची असते. हे टाळूही नका. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त सर्वसामान्य लोकांचे आकडे तपासून त्यांचा काही वर्षं मागोवा घेतला, तेव्हा लिम्फोसाइट १,१०० च्या खाली असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपटीहून थोडा जास्त दिसला. पुन्हा तेच, लिम्फोसाइट कमी असल्यामुळेच ते दगावले असा याचा अर्थ नाही. त्या कमी असण्यामागे पुष्कळदा काहीतरी असतं, आणि ते वेळेत सापडलं तर त्यावर उपाय करता येतो.

या तपासणीला काही फार पैसे लागत नाहीत, तालुक्याच्या गावातही ती होते. महागड्या पॅनेलच्या मागे धावण्याआधी हातातला साधा हिमोग्राम नीट वाचला तरी खूप कळतं. टक्क्यावर न थांबता आकडा काढा, मागच्या आकड्याशी ताडून बघा, आणि मग कागद बाजूला ठेवून आजारी माणसाजवळ बसा.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या भागात घेऊ.